वापरलेल्या बाटल्या, वेष्टने आणि उपकरणे परत घेणारे केंद्र गावात कसे चालवावे

तासगाव तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी पुढील प्रश्न विचारला आहे. गावाची लोकसंख्या सुमारे साडेचार हजार असून बहुतेक घरे द्राक्षबागायतदारांची आहेत. दीड वर्षापूर्वी ग्रामपंचायतीने बसथांब्यावर आणि दूध संस्थेसमोर प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी लोखंडी जाळीचे दोन पिंजरे बसवले. आता त्यांत डायपर, शिळे अन्न, फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आणि फुटलेल्या ट्यूबलाइट एकत्र साचल्या आहेत आणि हा माल उचलायला कोणीही तयार नाही. यंदाच्या ऑक्टोबर छाटणीआधी ग्रामपंचायतीला रीतसर संकलन केंद्र सुरू करायचे आहे. कोणत्या वस्तू घ्याव्यात, त्या कुणाकडे द्याव्यात, जागा कशी निवडावी, खर्च कसा भागवावा, कंपन्यांवर कोणती जबाबदारी आहे आणि पिंजऱ्यांतील जुन्या ढिगाचे काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी गेली अठरा वर्षे सांगली आणि मिरज परिसरात सुक्या कचऱ्याचे संकलन आणि वर्गीकरण यांचे काम करते. आपल्या पिंजऱ्यांचे जे झाले तेच आमच्या पहिल्या तीन पिंजऱ्यांचे झाले होते, त्यामुळे यात आपल्या गावकऱ्यांचा काही विशेष दोष आहे असे मला वाटत नाही. रस्त्याच्या कडेला राखणीवाचून ठेवलेल्या, वरून उघड्या पिंजऱ्यात पहिल्या आठवड्यात बाटल्या पडतात, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी अंधारात घरच्या कचऱ्याची पिशवी टाकते आणि त्यानंतर येणारा प्रत्येक माणूस त्या जागेला उकिरडा समजू लागतो. आम्ही तेव्हा पिंजरे धुऊन, त्यांवर पाट्या लावून पुन्हा ठेवले आणि पुन्हा तेच झाले. शेवटी पिंजरे काढून आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, एका माणसाच्या हाती वजनकाटा देऊन माल घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ओल्या कचऱ्याची एकही पिशवी आली नाही. ज्याच्या हातात आपण वस्तू देतो तो माणूस समोर उभा असला की देणाराही पिशवी उघडून दाखवतो.

त्यामुळे माझी पहिली सूचना अशी, की जागा, शेड आणि पाटी यांचा विचार नंतर करावा. आधी प्रत्येक वस्तूसाठी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: ही वस्तू शेवटी नेमकी कोण घेणार, तो ती कोणत्या अवस्थेत घेणार आणि किमान किती वजन जमल्यावर त्याची गाडी येणार. ज्या वस्तूसाठी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, ती वस्तू केंद्रावर घ्यायची नाही, मग ती प्लास्टिकची असो वा काचेची. हे कठोर वाटेल, कारण केंद्र सुरू करणाऱ्याला सर्व काही घ्यावेसे वाटते. पण परत पाठवता न येणारा माल जमवणे म्हणजे गावभर विखुरलेला कचरा एका ठिकाणी आणून ठेवणे होय, आणि आपल्या दोन पिंजऱ्यांत आज तेच पडून आहे.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी प्रत्येक वस्तूची एक गोणी नमुन्यादाखल भरावी आणि सांगली, मिरज, कुपवाड येथील भंगार व्यापाऱ्यांच्या गोदामांत स्वतः जावे. व्यापारी आपल्यासमोर गोणी उपडी करतो, चार वस्तू बाजूला काढतो आणि ‘हे चालत नाही’ असे सांगतो. त्या चार वस्तू का चालत नाहीत, हे त्याला शांतपणे विचारावे. कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी माहिती मला या गोदामांत मिळाली आहे. याच वेळी आपल्या गावात सायकलवर किंवा टेम्पोने फिरणारे भंगारवाले कोण आहेत, ते काय नेतात आणि काय सोडून देतात, याचीही नोंद करावी. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, पुठ्ठा आणि रद्दी हा माल ते आधीच नेत असतील, तर केंद्राने तो त्यांच्याकडून हिसकावून घेऊ नये. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांचे काम हे काम म्हणून मान्य करून घेण्यासाठी बरीच वर्षे झगडा दिला. ग्रामपंचायतीच्या एका ठरावाने अशा एखाद्या कुटुंबाची रोजची मिळकत थांबू नये, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. उलट त्यांच्यापैकीच कोणाला केंद्रावर बसवता आले तर फार चांगले, कारण माल ओळखणारी नजर त्यांच्याकडे असते.

आता वस्तूंकडे वळू. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या, म्हणजे तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असलेल्या पेटच्या बाटल्या, या सर्वांत सोप्या. एक लिटरच्या बाटलीचे वजन जेमतेम २० ते ३० ग्रॅम असते, म्हणजे एक किलो होण्यासाठी चाळीसच्या आसपास बाटल्या लागतात. त्या न चेपता भरल्या तर टेम्पो बाटल्यांपेक्षा हवाच अधिक वाहतो आणि भाड्यात सारी कमाई जाते. म्हणून बाटली रिकामी करून, पायाखाली चेपून, झाकण पुन्हा घट्ट लावून घ्यावी. शाम्पू, डिटर्जंट, खाद्यतेल यांच्या अपारदर्शक, जाड बाटल्या आणि कॅन बहुधा २ क्रमांकाचे असतात आणि त्यांनाही चांगली मागणी असते. आकडा पुसला गेला असेल तर एक छोटा तुकडा पाण्यात टाकून पाहावा: पेट बुडते, तर २, ४ आणि ५ क्रमांकाचे प्लास्टिक तरंगते. पुनर्चक्रीकरणाच्या कारखान्यातही धुण्याच्या हौदात याच गुणधर्मावर झाकणे आणि बाटल्या वेगळ्या होतात. ३ क्रमांकाचे पीव्हीसी मात्र पेटसारखेच बुडते, आणि पेट वितळवण्याच्या तापमानाला ते जळून आम्लयुक्त वायू सोडते. पीव्हीसीचे थोडे तुकडे पेटच्या मोठ्या मालाला खराब करतात, त्यामुळे व्यापारी त्याबाबत इतका कडक का असतो हे लक्षात येईल.

दुधाच्या पिशव्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या गावात त्या रोज घरोघरी येतात आणि त्यांचे प्लास्टिक उत्तम प्रतीचे असते. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिक व थर्माकोलविषयक अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची तरतूद करण्यात आली होती, यावरून शासनानेही ही पिशवी परत येण्याजोगी मानली होती हे दिसते. अडचण दोन गोष्टींची आहे. घरात पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडला जातो, तो चिमुकला तुकडा केराबरोबर जातो आणि पुन्हा कधीच हाती लागत नाही. म्हणून कापताना कोपरा पिशवीला चिकटलेलाच ठेवावा, हे महिलांच्या बैठकीत कात्री हातात घेऊन दाखवावे. दुसरे म्हणजे पिशवीत राहिलेले दूध. दोन दिवसांत त्याला असा दर्प येतो, की केंद्रावरचा माणूस गोणी उघडायला कचरतो. अर्धी वाटी पाणी पिशवीत घालून ते चहाच्या भांड्यात किंवा झाडाला ओतावे आणि पिशवी दोरीवर उलटी वाळत घालावी. आठवड्याच्या वाळलेल्या पिशव्या एका पिशवीत घट्ट भरून आणल्या, तर त्यांना वासही येत नाही आणि त्यांच्यासाठी गिऱ्हाइकही मिळते.

बिस्किटे, वेफर, शाम्पूच्या पुड्या यांची चकचकीत वेष्टने अनेक थरांची असतात. ती पुन्हा वितळवून वापरता येत नाहीत आणि भंगारवाला ती घेत नाही. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात, परंतु त्यासाठी फार मोठा आणि कोरडा साठा लागतो, जो एका गावात जमत नाही. त्यांचा विचार तालुका पातळीवरच करावा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन युनिट उभारण्यास १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवलेली होती. आपल्या पंचायत समितीचे युनिट कोठे आहे, ते चालू आहे का आणि ते कोणत्या दिवशी माल स्वीकारते, याची लेखी विचारणा करावी. उत्तर समाधानकारक आले तरच ही वेष्टने घ्यावीत. ज्यूसच्या कागदी खोक्यांत कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर असतात, त्यांनाही हाच नियम लावावा. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे चमचे आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे त्या केंद्रावर येऊ लागल्या तर गावात त्यांची विक्री कोठे चालते हे आधी शोधावे.

शेतीतील मालापैकी ठिबकच्या जुन्या नळ्या आणि फुटके क्रेट यांना वजनावर चांगला भाव मिळतो. बेदाणा शेडवरील जुन्या शेडनेटविषयी आपल्या व्यापाऱ्याला आधी विचारून घ्यावे. मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवती मातीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, मात्र अतिशय पातळ असतो आणि त्याला चिकटलेल्या मातीचेच वजन अधिक भरते. तो उन्हात वाळवून, झटकून, घड्या घालून कोणी आणला तरच घ्यावा.

आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर भाग फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा आहे आणि त्याविषयी मी मुद्दाम अधिक लिहीत आहे. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या भीतीने फवारण्या एकामागून एक होतात आणि याच काही महिन्यांत बांधावर, विहिरीच्या कठड्यामागे आणि ओढ्यात बाटल्यांचे ढीग दिसू लागतात. काही शेतकरी त्या जाळतात आणि तो धूर शेजारच्या वस्तीवर जातो. काही ठिकाणी त्या भंगारात जातात, आणि ही मला सर्वांत घातक गोष्ट वाटते, कारण एकदा त्या वितळवून त्यांचा प्लास्टिकचा दाणा झाला की त्यातून बादली बनेल की पाण्याचा कॅन, हे कोणालाच ठाऊक नसते. शेतमजुराच्या घरात औषधाच्या कॅनमध्ये पिण्याचे पाणी किंवा तेल ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे. तो कॅन मी मागितला तेव्हा त्या बाईंनी, ‘ताई, चार वेळा राखेने घासलाय’ असे सांगितले. घासण्याने प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध जात नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी त्यांना दुसरा कॅन आणून दिला आणि तेव्हापासून औषधाचा रिकामा कॅन मागताना बदली कॅन जवळ ठेवण्याची आम्ही सवय लावून घेतली.

कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांत वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे म्हटले आहे. त्या नियमामागील हेतू, म्हणजे पुनर्वापर रोखणे, आजही तितकाच महत्त्वाचा आहे. परंतु एका गावातून एका हंगामात निघणाऱ्या बाटल्या पुरायला लागलो, तर बोअरच्या आणि विहिरींच्या पाण्याचा प्रश्न उभा राहील. म्हणून त्या गोळा करून परवानाधारक यंत्रणेकडे पाठवणे मला अधिक योग्य वाटते. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे आणि डबे हे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या परिशिष्टात येतात, त्यामुळे हा माल गावच्या भंगारवाल्याच्या हवाली कधीही करू नये. राज्यात रांजणगाव, तळोजा अशा ठिकाणी घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत सुविधा आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतील कार्यालयाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना एकाच वेळी पत्र द्यावे, आणि हा माल कोणत्या वाहनातून, कोणत्या कागदपत्रांसह, कोठे पाठवायचा याचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत संकलन सुरू करू नये. पत्र ऑगस्टमध्ये दिले तर छाटणीपर्यंत उत्तर मिळवण्यासाठी पाठपुरावा करता येतो.

बाटली परत घेताना ती तीन वेळा धुतलेली असणे ही अट ठेवावी. ही धुलाई घरी किंवा केंद्रावर होता कामा नये. ती शेतात, औषध कालवत असतानाच व्हायला हवी, कारण एकदा औषध आत वाळले की ते निघत नाही. बाटली टाकीत पूर्ण निथळू द्यावी, तिच्यात पाव भाग स्वच्छ पाणी घ्यावे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. असे तीन वेळा केले की पैसे मोजून घेतलेल्या औषधाचा शेवटचा थेंबही बागेवर जातो, आणि शेतकऱ्याला ही गोष्ट आरोग्यापेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. नंतर बाटलीच्या तळाला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे तिचा दुसरा वापर होत नाही. हे सारे हातमोजे घालूनच करावे. धुतलेली बाटलीसुद्धा घरगुती वापरासाठी सुरक्षित झालेली नसते, हे वारंवार सांगावे लागते. बाटलीवरील चौकोनातील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. केंद्रावरच्या माणसाला हे रंग पाठ असले पाहिजेत. हिरवा त्रिकोण असलेल्या बाटलीलाही तो हातमोज्याशिवाय हात लावणार नाही, इतकी शिस्त हवी.

या बाटल्यांची जागा वेगळी ठेवावी. दूध संस्थेच्या किंवा शाळेच्या आवारात त्या एक दिवसही ठेवू नयेत. गावातील कृषी सेवा केंद्रांना यात सहभागी करून घ्यावे: जेथून बाटली घेतली तेथेच ती परत द्यायची ही रीत शेतकऱ्याला सर्वांत सोयीची असते, आणि तेथून आठवड्याला कुलूपबंद पिंपातून माल केंद्राच्या वेगळ्या खोलीत न्यावा. या बाटल्यांसाठी नगावर पैसे देण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. पैसे मिळू लागले की मुले ओढ्यातून आणि बांधावरून त्या वेचू लागतात. शेतकऱ्याच्या नावावर नोंद करून ग्रामसभेत त्याचा उल्लेख करणे पुरेसे ठरते, आणि निर्यातीची द्राक्षे करणाऱ्या बागायतदाराला अशी नोंद आपल्या बागेच्या कागदपत्रांत ठेवायला आवडतेही.

आता विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयी. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांच्या यादीत पूर्वीच्या २१ वस्तूंऐवजी १०६ वस्तू आल्या आहेत. ही सामग्री नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे, कारण गावोगावी वायर जाळून तांबे काढणे आणि फ्रिजचा गॅस हवेत सोडून कॉम्प्रेसर विकणे, हे आजही सर्रास चालते. परंतु नोंदणीकृत कंपनीची गाडी दोन मिक्सर आणि एका टीव्हीसाठी तासगाव तालुक्यात येणार नाही. म्हणून रोजच्या केंद्रावर ई-कचरा घेऊ नये. आसपासच्या आठ-दहा गावांनी मिळून वर्षातून दोनदा मोहीम घ्यावी आणि त्यांतील एक दिवाळीच्या आवराआवरीच्या आठवड्यात ठेवावी, कारण माळ्यावरचा जुना टीव्ही लोक त्याच वेळी खाली उतरवतात. माल न उघडता, न तोडता द्यावा, आणि देताना कंपनीकडून वजनाची पावती आणि तिच्या नोंदणीची प्रत घ्यावी. जमा झालेला माल सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये.

इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या केंद्राने घेऊच नयेत. नवी बॅटरी घेताना जुनी परत घेऊन किमतीत सूट देण्याची व्यवस्था २००१ च्या नियमांपासून दुकानदारांकडे आहे आणि वापरलेल्या वस्तू परत येण्याची ही आपल्या भागातील सर्वांत जुनी चालती पद्धत आहे. २०२२ च्या बॅटरी नियमांनी उत्पादकांची जबाबदारी आणखी वाढवली आहे. लोकांना दुकानाकडे पाठवावे, एवढेच आपले काम. मोबाइलच्या लिथियम बॅटऱ्यांचे मात्र तसे नाही, त्या मुलांच्या खेळण्यात आणि केराच्या गाडीत जातात. फुगलेली किंवा चेपलेली लिथियम बॅटरी आपोआप पेट घेऊ शकते. अशा बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या गोण्यांपासून दूर ठेवाव्यात. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. ते मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे ठेवावेत, आणि फुटले तर खोली उघडी टाकून, झाडू न मारता, जाड कागदाने तुकडे उचलावेत. अशा घरगुती घातक वस्तूंसाठी शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितले होते. आपल्याला जवळच्या नगरपालिकेशी बोलून तिच्या केंद्रावर हा माल स्वीकारण्याची विनंती करता येईल.

कंपन्यांच्या जबाबदारीविषयी अनेक सरपंचांचा गैरसमज होतो, म्हणून ते स्पष्ट करते. प्लास्टिक वेष्टने वापरणाऱ्या उत्पादकांनी, आयातदारांनी आणि ब्रँडमालकांनी तितक्या प्लास्टिकची विल्हेवाट लावून दाखवावी, अशी विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. यासाठीची प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या नावे तयार होतात. संकलन केंद्राला ती विकता येत नाहीत. त्यामुळे कोणी मध्यस्थ येऊन ‘तुमच्या केंद्राला कंपनीकडून इतके लाख मिळवून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत. मात्र आपला माल नोंदणीकृत कारखान्याकडे जात असेल आणि आपल्याकडे प्रत्येक खेपेची वजनपावती असेल, तर अनेक थरांच्या वेष्टनांसारख्या बिनभावाच्या मालाच्या वाहतुकीचा खर्च मागण्याची बाजू आपल्याकडे येते. ही मागणी एकट्या गावाने करण्यापेक्षा तालुक्याने करावी. प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी प्रथमच ग्रामपंचायतींवरही टाकली, तेव्हा तिच्यासोबत येणारे हक्कही मागायला हवेत.

जागेची निवड करताना पाणी, आग आणि वारा या तिन्हींचा विचार करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. त्या पुरात आम्ही तीन महिने वर्गीकरण करून रचलेल्या गोण्या एका रात्रीत वाहून गेल्या, आणि जो माल नदीपासून दूर ठेवण्यासाठी आम्ही गोळा केला होता तोच नदीत गेला, याचे दुःख मला आजही आहे. आपले गाव कृष्णाकाठचे नसले तरी ओढ्याची जुनी पूररेषा वयस्कर माणसांना विचारून घ्यावी. शेड वीजवाहिनीखाली आणि कडब्याच्या गंजीजवळ नसावी, तिला पत्र्याचे छत, तीन बाजूंनी भिंत, सिमेंटचा कोबा आणि कुलूप असावे, दोन वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे. माल गोण्यांत किंवा गठ्ठ्यांत बांधूनच ठेवावा, कारण उन्हाळ्यातल्या वावटळीत सुट्या पिशव्या थेट शेजारच्या बागेच्या मांडवावर जाऊन अडकतात आणि केंद्राविरुद्धची पहिली तक्रार तेथूनच येते.

खर्चाबाबत मी स्पष्टच सांगते. मालाच्या विक्रीतून केंद्र चालेल असे कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नये. बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि जाड प्लास्टिक यांच्या विक्रीतून गोण्या, हातमोजे आणि काही वेळा टेम्पोचे भाडे निघते, माणसाचे मानधन निघत नाही. ते ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात धरले पाहिजे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंतची मर्यादा ठरवली होती, म्हणजे आपल्या गावासाठी सुमारे २ लाख ७० हजार रुपये होतात. यातील किती रक्कम खतखड्डे आणि गाडी यांवर आधीच खर्च झाली आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून पाहून घ्यावे. शेड आणि काटा यांचा खर्च त्यातून किंवा वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या निधीतून होऊ शकतो, पण दरमहा लागणाऱ्या मानधनासाठी स्वतःचेच उत्पन्न लागते. महिला बचत गटाला काम द्यायचे असेल तर मालाच्या विक्रीचे पैसे गटाला आणि मानधन वेगळे, असा करार करावा. विक्रीवरच त्यांचे पोट सोपवले तर त्या बिनभावाचा माल नाकारतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस, दूध घालायला लोक येतात त्या वेळी, दोन तास केंद्र उघडे ठेवावे, म्हणजे त्यासाठी कोणाला वेगळी फेरी पडत नाही. ठरलेल्या दिवशी केंद्र बंद राहिले तर आलेला माणूस पिशवी दारातच ठेवून जातो, म्हणून बदली माणूस आधीच ठरवून ठेवावा. वहीत तारीख, वस्तू, आलेले वजन, नाकारलेला माल आणि नाकारण्याचे कारण एवढेच रकाने पुरेत. नाकारण्याच्या कारणांचा रकाना तीन महिन्यांनी वाचला, की पुढच्या बैठकीत गावाला काय सांगायचे ते आपोआप समजते. शेड बांधण्यापूर्वी कराड, विटा आणि पाचगणी या गावांना एकदा भेट द्यावी. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गटात २०२० मध्ये कराड, २०२१ मध्ये विटा आणि २०२२ मध्ये पाचगणी देशात पहिले आले, आणि ही तिन्ही गावे आपल्या सातारा-सांगली पट्ट्यातीलच आहेत. पाचगणीने आपल्या जुन्या कचरा डेपोच्या जागी स्वच्छ भारत पॉइंट ही बाग उभी केली आहे. तेथे बाग पाहून झाल्यावर वर्गीकरण करणाऱ्या कामगारांशीही बोलावे, त्यांच्याकडून कळेल ते अधिकाऱ्यांच्या सादरीकरणात नसते.

शेवटचा प्रश्न पिंजऱ्यांतील ढिगाचा. तो एकाच दिवशी, कोरड्या हवेत, सकाळी लवकर, गमबूट, जाड हातमोजे आणि मास्क घातलेल्या चार जणांनी ताडपत्रीवर उपसावा. शाळेच्या मुलांना किंवा ग्रामस्वच्छतेच्या उत्साहात आलेल्या स्वयंसेवकांना या कामाला लावू नये, कारण त्या ढिगात विषाच्या बाटल्या आणि पाऱ्याचे दिवे मिसळलेले आहेत. आधी औषधाच्या बाटल्या आणि ट्यूबलाइटचे तुकडे बाजूला काढून झाकणाच्या पिंपांत भरावेत आणि पिंपांवर काय आहे ते लिहावे. डायपर वेगळ्या पिशवीत गुंडाळून तालुक्याच्या किंवा नगरपालिकेच्या यंत्रणेकडे द्यावेत. उरलेल्या बाटल्या औषधांच्या संपर्कात आलेल्या असल्यामुळे त्या भंगारात देऊ नयेत. दीड वर्षाचा माल वाया जातो याचे वाईट वाटेल, तरी तो माल दूषित मालाबरोबरच पाठवावा. पिंजरे धुतलेले पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडू नये, म्हणून ते न धुता कोरड्या फडक्याने पुसून, फडकी त्याच पिंपांत टाकावीत. रिकामे पिंजरे त्याच दिवशी तेथून हलवावेत. संध्याकाळपर्यंत ते जागेवर राहिले तर रात्रीत पुन्हा भरतील.